शिसं मोजणारा माणूस

गेल्या रविवारी पुतण्याच्या जुन्या मारुतीत पेट्रोल भरायला हायवेच्या पंपावर थांबलो होतो. पुतण्याचा मुलगा सहावीत आहे. टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचून त्याने विचारलं, "आजोबा, अनलेडेड म्हणजे काय?" म्हटलं, बिनशिशाचं. त्यावर पोरगं म्हणतं, "पण पेट्रोलमध्ये शिसं घालेलच कशाला कोणी?"

बत्तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली, पण पंपावर उभ्या उभ्या याचं उत्तर देता येईना. मागचे हॉर्न वाजवत होते. म्हणून इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा.

आधी घातलं कशाला ते सांगतो. १९२०च्या आसपास मोटारींची इंजिनं ताकद वाढवली की खडखड करायची. पेट्रोल वेळेआधीच पेटायचं. डिसेंबर १९२१मध्ये अमेरिकेत डेटन शहरातल्या जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजलीला उपाय सापडला: टेट्राएथिल लेड. पेट्रोलमध्ये अगदी थोडं घातलं तरी खडखड बंद. (याच गृहस्थाने पुढे फ्रिजसाठी सीएफसी वायू दिला, ज्याने ओझोनच्या थराची वाट लावली. एका माणसाच्या नावावर असे दोन शोध!) कंपनीने मालाचं नाव ठेवलं 'एथिल'. शिसं हा शब्द नावातून गायब. कारण शिसं विषारी आहे हे रोमन काळापासून माहीत होतं.

१९२३ला विक्री सुरू झाली आणि १९२४च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या एका रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तीसेकजण आजारी पडले. पेपरवाल्यांनी त्याला 'वेडा वायू' असं नाव दिलं. १९२५ला सरकारने परिषद भरवली. ॲलिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरबाई, कामगारांच्या आजारांच्या जाणकार, तिथे स्पष्ट विरोधात बोलल्या. पण नंतर विक्री पुन्हा सुरू झाली आणि पुढची चाळीस वर्षं या विषयावर खरा आवाज एकाच माणसाचा राहिला. रॉबर्ट कीहो. डॉक्टर, सिनसिनाटीच्या केटरिंग प्रयोगशाळेचा प्रमुख. प्रयोगशाळेला पैसा कुणाचा? मुख्यतः शिशाचं पेट्रोल विकणाऱ्यांचाच.

आता कीहोला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण माणूस काही थापाड्या नव्हता. तो मोजायचा. त्याचं म्हणणं असं: शिसं मातीत आहे, अन्नात आहे, म्हणजे ते माणसाच्या शरीरात असणं नैसर्गिक आहे. शरीर ते बाहेर टाकतं. रक्तात एका ठरावीक पातळीच्या खाली असेल तर काही बिघडत नाही. ती पातळी त्याच्या मते डेसिलिटरला ८० मायक्रोग्रॅम. (हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.) आणि विषबाधा होते असं कुणाचं म्हणणं असेल, तर त्याने पुरावा आणावा. कीहोने तुलनेसाठी मेक्सिकोतल्या खेड्यातली माणसं तपासली, मोटारींपासून लांबची. त्यांच्याही शरीरात शिसं सापडलं. झालं, नैसर्गिकच आहे! फक्त ती माणसं जेवत होती ती मातीची भांडी शिशाच्या झिलईची होती, हे त्याने हिशेबात धरलं नाही.

माझ्या मते सगळी गोष्ट इथे आहे. ज्याच्याशी तुलना करायची तोच जर बरबटलेला असेल, तर तुम्हाला काहीच दिसत नाही. हे ज्याला दिसलं तो डॉक्टर नव्हता. त्याचा मोटारीशी संबंध नव्हता, प्रदूषणाशीही नव्हता. तो पृथ्वीचं वय काढत होता.

क्लेअर पॅटरसन. (नाव बाईचं वाटतं, पण बाप्याच.) जन्म १९२२चा, आयोवा राज्यातल्या मिचेलव्हिल नावाच्या लहान गावातला. युद्धात तो अणुबॉम्बच्या प्रकल्पावर ओक रिजला होता, तिथे मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र हाताळायला शिकला. हे यंत्र एकाच मूलद्रव्याचे जड-हलके अणू वेगळे करून मोजतं. युद्ध संपल्यावर शिकागोला पीएचडीला आला तेव्हा हॅरिसन ब्राउन या त्याच्या गाइडने काम वाटून दिलं: जॉर्ज टिल्टनने खडकातल्या बारीक स्फटिकांतलं युरेनियम मोजायचं, पॅटरसनने शिसं.

यामागचं तत्त्व आमच्या बारावीच्या पोरांनाही कळायचं. युरेनियम सावकाश मोडत जातं आणि शेवटी त्याचं शिसं होतं. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात आणि त्याचं शिसं-२०६ होतं. युरेनियम-२३५ सुमारे ७० कोटी वर्षांत निम्मं होतं आणि त्याचं शिसं-२०७. शिसं-२०४ मात्र कशापासूनच तयार होत नाही, ते आरंभापासून आहे तेवढंच. या तिघांचं गुणोत्तर म्हणजे घड्याळ.

टिल्टनचे आकडे नीट यायला लागले. पॅटरसनचे येईनात. ज्या खडकात किती शिसं असायला हवं ते आधीच ठाऊक होतं, त्यातही भलतंच जास्त निघायचं. आणि दर वेळी वेगळं. दुसरा कुणी असता तर यंत्राला शिव्या देऊन विषय बदलला असता. आमच्या लॅबमध्येही हेच चालायचं, रीडिंग चुकलं की मुलं शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवायची. पॅटरसनने विचारलं, हे जास्तीचं शिसं येतंय कुठून? पाण्यातून. काचेतून. ॲसिडमधून. नळाच्या डाखातून, भिंतीच्या रंगातून, खोलीतल्या धुळीतून, स्वतःच्या केसांतून आणि कपड्यांतून.

१९५२ला तो कॅलिफोर्नियाला कॅलटेकमध्ये गेला आणि तिथे त्याने स्वतःची प्रयोगशाळा बांधली. हवा गाळून आत सोडायची, आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त, म्हणजे दार उघडलं तरी धूळ बाहेरच ढकलली जाईल. ॲसिडं स्वतः पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध करायची. प्रत्येक भांडं दिवसेंदिवस ॲसिडात भिजत ठेवायचं. टेबल-फरशी सतत पुसायची. माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची, तिला हे वर्णन ऐकून बरं वाटलं असतं. फरक एवढाच की आजीचं सोवळं माणसांचा विटाळ मानायचं, पॅटरसनचं मोजता येईल अशा धुळीचा. आज चिप बनवणाऱ्या कारखान्यांत 'क्लीन रूम' असते. रसायनशास्त्रात ती शिस्त मुरवणाऱ्या पहिल्या काही लोकांत हा होता.

पृथ्वीच्या पोटातले सगळ्यात जुने खडक वितळून, मोडून गेलेत. मग वय काढायचं कशावरून? उल्कांवरून. पृथ्वी आणि उल्का एकाच वेळी एकाच मालातून बनल्या असं धरलं, तर उल्केचं वय तेच पृथ्वीचं. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उल्केने पाडलेला एक प्रचंड खड्डा आहे. आपल्या लोणारचा भाऊबंदच, पण आकाराने धाकटा. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, त्याचा १.२. तो खड्डा पाडणाऱ्या लोखंडी उल्केचे तुकडे आसपास सापडतात, त्यांना कॅन्यन डायाब्लो म्हणतात. या लोखंडी उल्केत युरेनियम जवळजवळ नाहीच. म्हणजे तिच्यातलं शिसं सूर्यमाला जन्मली त्या दिवशीचं, जसंच्या तसं. घड्याळाचा शून्य सापडला! १९५३ला पॅटरसनने तो नमुना शुद्ध करून शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत यंत्रावर लावला. आकडा आला साडेचार अब्ज वर्षं. त्याची पुढे सांगितली जाणारी गोष्ट अशी की तो तिथून गाडी काढून थेट आयोवाला आईकडे गेला आणि तिला म्हणाला, मला दवाखान्यात ने. छाती इतकी धडधडत होती.

१९५६ला पेपर आला. पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं, सात कोटी इकडे-तिकडे. आज पुस्तकात ४५४ कोटी छापतात. सत्तर वर्षांत विज्ञानातले किती आकडे उलटेपालटे झाले, हा आपल्या जागेवरून हललाच नाही. एवढ्यावर दुसरा कुणीही आयुष्यभर सत्कार घेत फिरला असता.

पण याच्या डोक्यात ती धूळ राहिली. प्रयोगशाळेत जे शिसं तो शत्रूसारखं हुसकत होता, ते बाहेर आलं कुठून?

त्याने समुद्राचं पाणी मोजलं. १९६३ला तात्सुमोतो या जपानी सहकाऱ्याबरोबर त्याचा पेपर आला: वरच्या थरात शिसं जास्त, खोल पाण्यात खूप कमी. समुद्राचं पाणी वर-खाली मिसळायला शेकडो वर्षं लागतात. म्हणजे वरचं शिसं नुकतं आलंय, वरून पडतंय. वरून म्हणजे हवेतून आणि हवेत मोटारींतून. गंमत अशी की समुद्राच्या या कामाला काही पैसा तेल उद्योगाचाच होता, कारण त्यांना समुद्रतळाच्या गाळात रस होता. पेपर आला आणि तो पैसा आटला. सरकारी सार्वजनिक आरोग्य सेवेचा करारही पुढे चालू ठेवला गेला नाही.

१९६५ला त्याने एक लांबलचक लेख लिहिला, तोही डॉक्टरांच्या नियतकालिकात. त्यातला मुद्दा एका शब्दाचा होता. तुम्ही ज्याला 'नैसर्गिक' म्हणता ते फक्त 'नेहमीचं' आहे. आजच्या अमेरिकन माणसाच्या अंगात जेवढं शिसं असतं ते नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट आहे. सगळ्यांच्या अंगात आहे म्हणून ते कुणालाच दिसत नाही.

डॉक्टर मंडळी भडकली. दगड मोजणारा माणूस आम्हाला आरोग्य शिकवणार? भाषाही त्याची जहाल होती, हे मान्य केलं पाहिजे. समितीत गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही. जून १९६६मध्ये सिनेटर एडमंड मस्की यांच्या उपसमितीपुढे दोघांच्याही साक्षी झाल्या. कीहोने सांगितलं, या विषयावर माझ्याइतका अनुभव कुणालाच नाही, आणि ते खरंही होतं. पॅटरसनने सांगितलं, ज्यांचा माल आहे त्यांच्याच आकड्यांवर सरकारने सार्वजनिक आरोग्य सोपवणं चूक आहे. वाचताना वाटतं, हे संवाद आपल्याकडच्या कुठल्याही जनसुनावणीतले असावेत. कंपनीचा तज्ज्ञ फाइल घेऊन येतो, गावकरी म्हणतात विहिरीचं पाणी बदललंय, आणि अध्यक्ष विचारतात, पुरावा?

पुरावा आणायला पॅटरसन ग्रीनलंडला गेला. बर्फ दर वर्षी थरावर थर साचतो, प्रत्येक थर त्या वर्षाची हवा सांभाळून ठेवतो. प्लॅस्टिकचे अंगरखे घालून, ॲसिडने धुतलेल्या करवतींनी बर्फाचे ठोकळे कापून आणले. १९६९ला मुरोझुमी आणि चाऊ यांच्याबरोबर निकाल छापला. सुमारे २८०० वर्षांपूर्वीपासून १९६५पर्यंत बर्फातलं शिसं दोनशेपटीहून जास्त वाढलं होतं आणि सगळ्यात उभी चढण १९४०नंतरची. याला उत्तर देणं अवघड होतं. तरी १९७१ला राष्ट्रीय संशोधन परिषदेने हवेतल्या शिशावर अहवाल काढला तेव्हा समितीत पॅटरसनला घेतलं नाही.

त्याच्या कामातला माझा सगळ्यात आवडता पेपर १९८०चा, डोरोथी सेटलबरोबरचा. विषय डब्यातला ट्यूना मासा. तेव्हा डबे शिशाच्या डाखाने जोडायचे. सरकारी प्रयोगशाळेच्या आकड्यांप्रमाणे ताज्या माशातही शिसं होतंच, डब्यातल्यात थोडं जास्त, त्यात काय एवढं! पॅटरसनच्या स्वच्छ खोलीत तोच ताजा मासा मोजला तर शिसं निघालं सरकारी आकड्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढं. बाकीचं सगळं प्रयोगशाळेच्या स्वतःच्या घाणीतलं होतं! म्हणजे डब्यामुळे माशात शिसं दुपटी-तिपटीने नाही, हजारो पटींनी वाढत होतं आणि मोजणाऱ्यांच्या अस्वच्छ हातांनी ते वर्षानुवर्षं झाकून ठेवलं होतं.

शिसं मोजणं किती नाजूक असतं ते आपण २०१५ला पाहिलंय. मॅगीचं प्रकरण आठवा. एका प्रयोगशाळेने १७.२ पीपीएम सांगितलं, मर्यादा २.५ची. बंदी आली, दुकानांतून पाकिटं गायब झाली. मुंबई उच्च न्यायालयात कळीचा मुद्दा निघाला प्रयोगशाळांचाच, त्या मान्यताप्राप्त होत्या का? ऑगस्टमध्ये बंदीचा आदेश रद्द झाला, नमुने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासले गेले आणि मर्यादेच्या आत निघाले. त्या वेळी आपण सगळे कंपनी की सरकार यावर भांडत होतो. मोजतं कोण आणि कसं, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला.

आता पेट्रोलचं काय झालं ते. अमेरिकेत १९७०ला स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७५च्या सुमारास बिनशिशाचं पेट्रोल पंपांवर आलं. याचं सगळं श्रेय पॅटरसनला देणाऱ्या पोस्ट फिरत असतात, ते खरं नाही. त्याचं तात्कालिक कारण होतं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. धूर स्वच्छ करणाऱ्या या उपकरणातलं प्लॅटिनम शिशाने निकामी होतं. पोरांच्या मेंदूची काळजी नव्हती, प्लॅटिनमची होती! हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरने १९७९ला मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासून दाखवलं की दातात शिसं जास्त त्यांची बुद्धीची चाचणी कमी. त्यानंतर आरोग्याचा मुद्दा टाळता येईना. पण 'नैसर्गिक' हा शब्द कीहोच्या हातातून काढून घेतला तो पॅटरसननेच. तो काढला नसता तर नीडलमनच्या दातांवरही लोक म्हणाले असते, शिसं काय, सगळ्यांच्याच दातांत असतं.

आपल्याकडेही तेच घडलं. एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, म्हणून तिथे बिनशिशाचं पेट्रोल आलं. देशभर यायला फेब्रुवारी २००० उजाडलं. म्हणजे मी बजाज स्कूटरवर पुढे थोरल्याला उभा करून कॉलेजच्या बाहेरून त्याच्या शाळेत सोडायचो, ती सगळी वर्षं शिशाच्या धुरातली. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पॅटरसन ५ डिसेंबर १९९५ला गेला. त्याच वर्षी त्याला पर्यावरणाचा टायलर पुरस्कार मिळाला होता. अमेरिकेच्या रस्त्यांवर शिशाच्या पेट्रोलवर पूर्ण बंदी आली १ जानेवारी १९९६ला, महिनाभरही राहिला नव्हता. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१. आज समुद्रातले अतिसूक्ष्म धातू मोजणारा जिओट्रेसेस हा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम चालतो, अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीची मंडळी त्यात आहेत. त्यांचं सोवळं पॅटरसनच्याच घराण्यातलं.

आणि आता तो ८०चा आकडा. अमेरिकेत मुलांच्या रक्तातल्या शिशाची काळजीची पातळी १९७०च्या सुमारास ४० होती. १९८५ला २५ झाली, १९९१ला १०, २०१२ला ५, २०२१ला ३.५. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सुरक्षित अशी पातळी माहीतच नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२०च्या अहवालाचा अंदाज होता की जगात तीनातल्या एका मुलाच्या रक्तात ५पेक्षा जास्त शिसं आहे, आणि त्यातली साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली. पेट्रोल सुटलं, पण जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणं सुटलं नाही. स्वस्त रंग आहेत. पिवळीधमक दिसावी म्हणून हळदीत घातलेलं लेड क्रोमेट आहे. कथलात शिसं मिसळून केलेली स्वस्तातली कल्हई आहे. (शिसपेन्सिलमध्ये मात्र शिसं नसतं, ते ग्राफाइट. पोरांनी चावली तर ओरडा, पण या कारणासाठी नको.)

आमच्या ओळखीचा एकजण बॅटरीच्या दुकानात कामाला आहे. वय चाळीसच्या आत, हात सतत काळे, जेवणाचा डबा तिथेच टेबलावर. पंपावरच्या त्या प्रश्नानंतर मी त्याच्या मागे लागून रक्त तपासायला लावलं. तालुक्याला ही तपासणी होत नाही, नमुना बाहेर जातो. रिपोर्ट आठवड्याने आला: १९. शेजारच्या रकान्यात छापलं होतं, नॉर्मल २५च्या खाली. तो खूश. मला फोन करून म्हणाला, "सर, उगाच घाबरवलंत, नॉर्मल आहे." त्याच्या घरी दोन वर्षांची मुलगी आहे आणि तो त्याच कपड्यांत घरी जाऊन तिला उचलून घेतो. तिचं रक्त तपासायचं मी सुचवलंय. उद्या सकाळी त्यांच्या घरी जाणार आहे, त्याच्या बायकोशी बोलायला.